पुरलेल्या डब्यांना पाणी

चूक माझी होती, तिची नव्हती. हे आधीच लिहून टाकतो, कारण गावात अजून काही लोक म्हणतात की मशीनवाल्यांचं काम हिनं बिघडवलं. ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन दोन पावसाळे झाले. तिच्या बाजूनं बोलायला आता मीच उरलोय, आणि जेव्हा बोलायला पाहिजे होतं तेव्हा मी बोललो नाही.

आमची जमीन नाशिक रोडहून सिन्नरकडं जाताना आतल्या अंगाला. दीड एकर. झेंडू, शेवंती, थोडी मेथी-कोथिंबीर. पहाटे दोघांनी फुलं तोडायची, मग हिनं बाजारात जाऊन बसायचं आणि मी खुरपणी-पाणी बघायचं, असा आमचा संसार. ओढ्याच्या कडेला उंचवट्यावर सहा गुंठ्यांचा एक तुकडा पडीक होता. विहिरीचं पाणी तिथवर चढत नव्हतं, म्हणून मी तो सोडून दिला होता. त्याच्यावर गुरं सुद्धा नाखुशीनं चरायची.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. एका सकाळी जीप आली आणि चष्मेवाले एक साहेब उतरले. त्यांनी त्या पडीक तुकड्यातलं ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं, वास घेतला. मला वाटलं जमीन घ्यायला आलेत. पण ते भाव विचारेनात. विचारलं काय, तर, "इथून विजेची तार जाते का? पाण्याचा पाइप? खाली कधी लोखंड पुरलंय?"

मी म्हटलं, "साहेब, इथं माझं नशीब पुरलंय. दुसरं काही नाही."

ते हसले, आणि ओट्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. ते एका प्रयोगशाळेतले. जमिनीत पुरलेले सुरुंग शोधायचं मशीन बनवत होते आणि ते तपासायला त्यांना रान पाहिजे होतं. आम्हाला सुरुंग माहीत ते विहिरीचे. खडकाला भोक पाडून भरायचे, वात पेटवायची आणि लांब पळायचं. साहेब म्हणाले, हे वेगळे. हे जमिनीत गुपचूप पडून असतात, आणि वरून पाय पडला की फुटतात.

मी "विचार करून सांगतो" म्हणणार होतो. ही आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "द्या त्यांना. पडीकच तर हाय."

तिच्या मनात काय होतं ते मला कळलं. तिचा धाकटा भाऊ फौजेत होता. त्या हिवाळ्यात सगळ्या फौजा सरहद्दीवर गेल्या होत्या. त्याचं पत्र आलेलं, मीच वाचून दाखवलं होतं. त्यात एक ओळ होती, इथं लोकांच्या शेतात सुरुंग पेरलेत, गहू तसाच उभा आहे. पत्र संपलं तरी ही त्या ओळीवरच. "अहो, ज्याचं शेत त्याला कोण सांगणार, कुठं कुठं पेरलंय ते? आणि परत काढायला कोणाला लावणार? माझ्याच भावाला ना?"

असं ते रान साहेबांना दिलं.

मशीन बाबागाडीसारखं होतं. चार चाकं, खाली जमिनीला लागेल असा चपटा डबा, वर दांड्यावर छोटा टीव्ही. ते ढकलत चालायचं. साहेबांनी समजावलं की डबा जमिनीत लाटा सोडतो, खाली काही वेगळं लागलं की लाटा परत येतात आणि पडद्यावर खूण उमटते. ती खूण मी पाहिली. मधे उंच आणि दोन्हीकडं खाली उतरलेली, थेट मिशीसारखी. मी तसं म्हणालो, आणि त्या दिवसापासून सगळेच तिला मिशी म्हणायला लागले. साहेबांबरोबर एक मॅडम होत्या, नुकत्याच इंजिनेर झालेल्या, सासरी गेलेल्या आमच्या लेकीच्या वयाच्या. त्या मला मामा म्हणायच्या आणि हिला मामी. त्या मशीन ढकलत ओरडायच्या, "साहेब, मिशी!" मग तिथं खणायचं. कधी दगड निघायचा, कधी उंदराचं बीळ, एकदा बैलाच्या पायाचा नाल.

लोखंड शोधायची मशीनं तर आधीपासून होती. पण नवे सुरुंग प्लास्टिकचे, त्यात लोखंड नावाला. म्हणून हे लाटांचं मशीन. तपासणीसाठी साहेबांनी खोटे सुरुंग आणले होते, प्लास्टिकचे गोल डबे, आत मेण भरलेलं. हिनं एक हातात घेऊन बघितला. आमच्या मिसळणाच्या डब्यातल्या वाटीएवढा असेल.

"एवढ्याशानं पाय जातो?"

"जातो, मामी," साहेब म्हणाले. "जीव जात नाही बऱ्याचदा. पाय जातो."

हिनं डबा खाली ठेवला आणि हात पदराला पुसले.

पुरायचं काम माझ्याकडं आलं. नेम असा की डबे कुठं आहेत ते मशीनवाल्यांना माहीत नको. मी एकट्यानं पुरायचे, साहेबांनी दिलेल्या चौकोनांच्या कागदावर फुल्या मारायच्या, कागद पाकिटात घालून चिकटवायचा. डबे बारा. काही चार बोटं खोल, काही वीतभर. साहेबांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. "मामा, वरून ओळखू येता कामा नये. कोणी हात लावलाय असं दिसायला नको. पंधरा दिवसांत माती बसली पाहिजे."

चैत्राचं ऊन होतं. काळी जमीन त्या दिवसांत खणली की नुसती ढेकळं निघतात. ती परत खड्ड्यात घातली तर मावत नाहीत. मधे पोकळी राहते आणि वर ढीग. पहिला डबा पुरून मी लांबून बघितलं, तर मांजर पुरल्यासारखं दिसत होतं. मग मी केलं ते जन्मभर करत आलो तेच. माती हातानं चेपली आणि वर तांब्याभर पाणी सोडलं. पाण्यानं ढेकळं विरघळली, माती खाली बसली, कडा जुळल्या. चौथ्या दिवशी आंबवणी दिली. रोप लावलं की पहिलं पाणी लगेच देतात आणि तीन-चार दिवसांनी दुसरं हलकं पाणी, त्याला आमच्यात आंबवणी म्हणतात. त्याशिवाय मूळ माती धरत नाही.

विहिरीवरून कळशीनं पाणी हिनंच आणून दिलं. आणता आणता म्हणाली, "डब्याला फुटवा कधी येणार?"

"तू पाणी आण."

"नाय, शेवंतीच्या आधी आला तर बाजारात नेईन म्हटलं."

दोन-तीन दिवसांत वरचा थर वाळला, त्याला भेगाही पडल्या. मी वरून फुफाटा भुरभुरवला. मलाच जागा सापडेनात, इतकं साफ काम. साहेबांना पाण्याचं सांगितलं नाही. लपवलं असं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं डोक्यातच आलं नाही. रोप लावलं तर पाणी दिलं हे कोणी वेगळं सांगतं का?

पंधराव्या दिवशी तपासणी झाली. मशीननं बाराच्या बारा डबे शोधून काढले. एक चुकला नाही, एक खोटी मिशी आली नाही. ओट्यावर पाकीट फोडलं आणि कागद कागदाला लावला, तर सगळ्या फुल्या जुळल्या. मॅडमनी उडी मारली. साहेबांनी माझा हात हातात घेतला. "मामा, तुमच्या हातगुणानं झालं." गावातले चार लोक बघत होते. माझी छाती कशी झाली असेल ते तुम्हीच समजा.

साहेब म्हणाले, आता अहवाल वर जाणार, महिन्याभरात मोठे अधिकारी बघायला येणार आणि त्यांनी मान हलवली की मशीन तिकडं सरहद्दीवर कामाला लागणार.

"माझ्या भावाकडं जाईल?" हिनं विचारलं.

"तिकडंच कुठंतरी जाईल, मामी."

हिनं घरात जाऊन झेंडूची माळ आणली आणि मशीनच्या दांड्याला घातली. हळदी-कुंकू लावायला निघाली होती. मॅडमनी टीव्हीवर नको म्हणून हात धरला.

आठ दिवसांनी मॅडम एकट्याच ड्रायव्हरला घेऊन आल्या, दोऱ्या आणि खुंट्या न्यायला. मशीन जीपमध्ये होतंच. हात बसावा म्हणून त्या ते आमच्या अंगणात ढकलत फिरल्या. भांडी घासायच्या दगडाच्या पलीकडं गेल्या आणि थांबल्या. "मामा, इथं काय पुरलंय? ही बघा केवढी मिशी."

"काही नाही. सकाळी हिनं तिथं बादली उपडी केली."

त्यांनी खुरप्यानं वीतभर उकरलं. आत नुसती ओल. त्या हसल्या. "म्हणजे पाण्याची मिशी. भोवती कोरडं आणि मधेच ओला डाग असला की लाटा तिथून परत फिरतात. साहेब सांगतात ते हेच." त्यांच्या डोक्यात पुढचं काही आलं नाही. त्यांना काय माहीत? दोऱ्या गुंडाळल्या, खुंट्या मोजल्या आणि गेल्या.

ही दारात उभी होती. जीपचा धुरळा खाली बसला तरी तिथंच उभी.

दिवेलागणीला भाकऱ्या थापताना तिनं विषय काढला.

"अहो, त्या डब्यांना आपण पाणी दिलं होतं."

"मग?"

"मग मशीनला दिसलं काय? डबा का पाणी?"

"दोन्ही दिसलं असंल."

"तुम्हाला खात्री हाय?"

खात्री नव्हती. खरं सांगायचं तर मॅडमनी उकरलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. पण मी म्हटलं, "साहेब शिकलेले हायत. आपण कशाला मधे तोंड घालायचं?"

"साहेबांना ठाऊकच नाय ना पाण्याचं. तुम्ही सांगितलं नाय."

"आता सांगू? सगळ्या गावापुढं हात मिळवला माझ्याशी. पुढच्या रानात मलाच नेणार म्हणालेत. आणि आता जाऊन सांगू, साहेब, मी गाढव हाय?"

"सांगायला लागंल. मशीन तिकडं जाईल. लोक म्हणतील मशीन बोललं नाय म्हणजे जमीन साफ, आणि पाय टाकतील."

तेव्हा मी जे बोललो ते लिहिणार नव्हतो. पण नाही लिहिलं तर हे सगळं लिहायचा उपयोग काय? मी म्हटलं, "तुझ्या भावाच्या पायापायी मी माझं तोंड काळं करू? फौजेत गेलाय तो, पाय जायचा असंल तर जाईल."

तिचा हात परातीत थांबला. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली. मला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणं बाजारात गेली. दुपारी परत यायची, आली नाही. तीनच्या सुमाराला साहेबांची जीप आली आणि पुढच्या सीटवर ही बसलेली. प्रयोगशाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ही विचारत विचारत, दोन बस बदलून तिथं गेली होती. फाटकावरचा माणूस सोडेना म्हणून तिथंच बसून राहिली. जीप पारावरून आली, त्यामुळं सगळ्या गावानं बघितलं.

साहेब उतरले. "मामा, मामी म्हणतात ते खरं का?"

मी हिच्याकडं बघितलं. ही माझ्याकडं बघत नव्हती. मी मान हलवली.

"किती पाणी दिलंत?"

"तांब्या-तांब्या. नि चौथ्या दिवशी आंबवणी."

"आंबवणी म्हणजे?"

मी सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, शब्द मला पुन्हा विचारून. मग बांधावर बसले, चष्मा काढला, डोळे चोळले. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "चूक माझी आहे. मी पाऊस टाळला, पाइप टाळले, लोखंड टाळलं. तुम्ही कसं पुरता ते विचारायचं राहिलं."

अहवाल वर गेलेला होता. तो त्यांनी परत मागवला. त्यांना वरून काय काय ऐकायला लागलं ते मॅडमनी नंतर हिला सांगितलं. मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पावसाआधी पुन्हा डबे पुरले. या वेळी थेंबभर पाणी नाही. ढेकळं कुटून पीठ केली, थरावर थर देऊन जमीन चोपायच्या धुमसानं ठोकली. मशीन फिरलं. बारातले पाच सापडले. सात ठिकाणांवरून ते मुकाट्यानं पुढं गेलं, जसं काही खाली नाहीच. मॅडम ढकलत होत्या आणि मी बांधावरून बघत होतो. मला माहीत होतं डबा कुठं आहे. मॅडमचा पाय बरोबर त्याच्यावर पडायचा. सात वेळा पडला असणार. तिसऱ्या वेळेपासून मी बघायचं सोडलं. मातीकडं तोंड करून बसलो.

साहेबांनी नापास लिहिलं. मोठे अधिकारी आलेच नाहीत. गावात बोलणं झालं, चांगलं चाललेलं काम बाईनं जाऊन मोडलं. मी ते ऐकलं आणि गप्प बसलो. घरीही गप्प. भाजीत मीठ कमी पडलं तर तेवढंही बोललो नाही. महिनोन्महिने आम्ही एकमेकांशी फुलांपुरतं बोलत होतो. ही जेवायला वाढायची, मी जेवायचो, ही ताट उचलायची. ते साधंसुधं भांडण नव्हतं. भांडणात निदान आवाज असतो.

दसऱ्यानंतर हिचा भाऊ सुट्टीवर आला. आला तो दोन्ही पायांवर. ही दारातच त्याच्या पायांकडं बघत राहिली, मग तोंडाकडं. ओट्यावर चहा घेता घेता तो मला म्हणाला, "दाजी, अक्का म्हणती तुम्ही सुरुंग पेरले."

"हां."

"आणि वर आंबवणी दिली?" एवढं म्हणून त्याला जे हसू फुटलं, कप कलंडला. "दाजी, उगवले असते तर आमच्याकडं पेरायला कधी कमी नसते पडले."

कित्येक दिवसांनी मलाही हसू आलं. मग त्यानं ते तिकडं कसं काढतात ते दाखवलं. हिचं खुरपं घेऊन अंगणात पोटावर झोपला, तिरकं जमिनीत घातलं, थोडं पुढं, पुन्हा घातलं. "अशी आमची सळई. बोटाबोटानं पुढं जायचं. मशीन-बिशीन काय नाय आमच्या तुकडीकडं."

मला बोलायला जागा मिळाली. हिला म्हटलं, "बघ. तुझा भाऊ सळईवरच हाय. मशीन त्याच्याकडं जाणारच नव्हतं. नसता तमाशा केलास."

हिनं माझ्याकडं लक्षच दिलं नाही. भावाला विचारलं, "तिकडली जमीन कशी रे?"

"कुठं वाळू, कुठं आपल्यासारखी चिकण."

"आणि पाणी?"

"कालवा हाय ना. रान मोकळं झालं की लोक पाणी सोडतील. कुठं कुठं आतापासूनच पाझरतंय."

"म्हणजे ओले डाग तिकडं बी असणार."

तो उठून बसला. "असणार की."

"मग मशीन ओल दिसली की बोंबलणार. तुम्ही खणणार. खाली काय नाय. परत बोंबलणार, परत खणणार."

त्याचं हसणं गेलं. "अक्का, लोखंड शोधायच्या मशीनवाल्या तुकड्यांचं हेच होतं. दहा वेळा खोटं बोंबललं ना, की अकराव्या वेळी माणूस त्याचं ऐकत नाय. थकतो. मग जातो तसाच."

साहेब पौषात पुन्हा आले तेव्हा हिनं त्यांना उभ्या उभ्या सांगितलं. "साहेब, नुसत्या कोरड्या रानात बघून भागायचं नाय. ओलं बी ठेवा. डबा नसलेलं ओलं ठेवा. मशीननं डबा कुठला आणि पाणी कुठलं ते सांगितलं पाहिजे."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मामा, या वर्षी मामी पुरतील. तुम्ही पाणी द्या. पण त्या सांगतील तिथंच."

मी कळशी उचलली. दुसरं काय करणार?

ती पुरायची ते बघण्यासारखं होतं. शेवंतीचे कोंब लावून लावून तिचा हात असा बसला होता की खड्डा हाताच्या पंजाएवढाच व्हायचा. निघालेली माती पदराच्या ओच्यात घ्यायची, जशीच्या तशी उलट्या क्रमानं परत, खालची खाली, वरची वर, मुठीनं ठोकत. काही डबे कोरडे पुरले. काहींवर पाणी. काही ठिकाणी नुसता खड्डा करून बुजवला आणि पाणी दिलं, आत काहीच नाही. काही ठिकाणी नुसता खड्डा, पाणीही नाही.

"इथं तांब्याभर," ती म्हणायची. "इथं नको. नको म्हटलं ना."

"दिलं नाही अजून."

"तांब्या वाकडा होता तुमचा."

"तांब्या वाकडा नाही, कंबर वाकडी हाय माझी."

असं आमचं बोलणं परत सुरू झालं. पाण्यावरूनच.

त्या उन्हाळ्यात मॅडमनी मशीनमध्ये काही बदललं होतं. काय ते मला समजलं नाही. एकाच्या जागी दोन चपटे डबे दिसत होते खाली, आणि पडद्यावर रंग. तपासणीच्या दिवशी ही माझ्या शेजारी बांधावर बसली, पदराचं टोक दातात धरून. मॅडम पहिल्या ओल्या खड्ड्यावर आल्या, ज्याच्यात डबा नव्हता. थांबल्या. मशीन मागं घेतलं, पुढं नेलं. पुन्हा मागं. हिनं माझा दंड धरला, मला वाटतं तिला कळलंही नसेल. मॅडमनी पडद्याला डोळे लावले आणि हात हलवला. "नुसतं पाणी. पुढं."

हिनं माझा दंड सोडला.

संध्याकाळी पाकीट फोडलं. ओले खड्डे सगळे बरोबर ओळखले होते, एकाही ठिकाणी खोटी मिशी नाही. डबेही सगळे सापडले होते, एक सोडून. एक कोरडा, खोल पुरलेला, राहिला होता.

मी म्हटलं, "साहेब, एकच तर राहिला. बाकी सगळं बरोबर की. पास म्हणा आता."

साहेबांनी काही म्हणायच्या आधी मी हिच्याकडं बघितलं, आणि मला माझीच लाज वाटली. साहेब हळूच म्हणाले, "मामा, त्या एकावर कोण पाय ठेवील?"

त्यांनी दुसऱ्यांदा नापास लिहिलं. या वेळी कोणाचं तोंड पडलेलं नव्हतं. ही उठली, कागद न बघता थेट रानात गेली, गुडघ्यावर बसून राहिलेला डबा उकरला, पदरानं पुसला आणि मॅडमच्या हातात दिला. "हा घ्या. उद्या परत पुरते. जरा दुसरीकडं."

आणखी दोन उन्हाळे ते येत राहिले. मॅडम म्हणायच्या, मामींनी पुरलेलं सापडलं तरच खरं. मग त्यांचं काम दुसरीकडं गेलं, वेगळ्या मातीच्या गावाला. मशीन शेवटी पास झालं का, सरहद्दीवर गेलं का, ते मला माहीत नाही. साहेबांनी सांगितलं असतं तर लिहिलं असतं.

गावातल्यांनी बोलायचं ते बोलत राहिले. आणि मी? साहेबांनी चूक स्वतःवर घेतली. चूक केलेला मी, मी ती कधी तोंडानं घेतली नाही. तू बरोबर केलंस, हे तीन शब्द. ते मला एवढ्या वर्षांत जमले नाहीत. तिनंही कधी मागितले नाहीत. मला वाटायचं, तिला कळतंय, सांगायचं कशाला? आता एकटा बसलो की कळतं की ते खोटं आहे. न सांगितलेलं कोणाला कळत नाही.

शेवटी तिच्या आजारपणात, नाशिकच्या दवाखान्यात, एका दुपारी मी सांगितलं. दुपारचं जेवण येऊन गेलं होतं, तिनं दोन घास खाल्ले होते. वॉर्डात सगळे झोपलेले. मी स्टूल खाटेजवळ ओढलं.

"त्या दिवशी तू साहेबांकडं गेलीस ना, ते बरोबर केलंस."

"कुठल्या दिवशी?"

"डब्यांच्या पाण्याचं सांगायला."

ती छताकडं बघत आठवत राहिली. मग म्हणाली, "लय भ्याले होते मी त्या दिवशी. बसमध्ये दोनदा वाटलं, उतरावं."

मला हे कधीच माहीत नव्हतं. जीपमधून उतरली तेव्हा तिचं तोंड दगडासारखं होतं. मी म्हटलं, "साहेबांना भ्यालीस?"

"साहेबांना कशाला? तुम्हाला."

मी तिच्या पायांवरची चादर सारखी केली आणि विचारलं, "मग उतरली का नाहीस?"

"उतरून जायचं कुठं? घरी तुम्हीच."

आणि ती हसली. इतकी हसली की तिला खोकला लागला. मला पण हसू आवरेना, तिची पाठ चोळता चोळता मी हसत होतो, आणि शेजारच्या खाटेवरची बाई जागी होऊन, यांना काय झालं म्हणून, आमच्याकडं बघायला लागली.